दंतवैद्यांचा लव्हाळा

हिरवळीला पाणी घालून आणि दर रविवारी ती कापून दंतवैद्य मेटाकुटीला आले होते. शेवटी त्यांनी ती काढून अंगणभर लव्हाळा लावला. ओढ्याकाठी आपोआप उगवणारा, बुटका; पाण्याची कटकट नाही, कापायचीही नाही. बायकोने मात्र बजावलं, "महिन्याभरात अंगण हिरवंगार दिसलं नाही, तर मी फरशी बसवणार. गवंड्याला सांगून ठेवलंय!"

त्याच आठवड्यात सासूबाई राहायला आल्या. रिकामं बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दंतवैद्य दुपारी जेवायला आले, तर अंगण उघडंबोडकं आणि कुंपणापाशी लव्हाळ्याचा ढीग.

"जावईबापू, केवढं तण माजलं होतं हो! सगळं काढून टाकलं बघा."

"वा, छान केलंत आई," दंतवैद्यांच्या तोंडून निघून गेलं. आता शब्द फिरवायचा कसा? सासूबाई जरा आडव्या झाल्या, तसे दंतवैद्य खुरपं घेऊन अंगणात उतरले. जन्मभर उपटायचा धंदा केलेला माणूस एकेक गड्डा परत रोवत बसला.

सकाळी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगोबाई, परत उगवलं?" पुन्हा उपटलं. दुपारी यांनी पुन्हा रोवलं. रोज हेच. ओढाताणीत एका गड्ड्याचे तीन तुकडे होत. दंतवैद्य तिन्ही लावत. तिकडे दवाखान्यात रोगी गाल धरून ताटकळत. बायको आईच्या तक्रारी ऐके आणि गालातल्या गालात हसे. तिला फरशी हवी होती, ती कशाला बोलते?

महिना भरला. गवंडी टेप घेऊन आला. सासूबाई आडव्या आल्या.

"फरशीबिरशी काही नको!"

"अगं आई, पण—"

"पण नाही नि बिण नाही. रोज उपटते, तर रोज दुप्पट येतंय. तुझी फरशी फोडून वर येईल हे!"

गवंडी आल्या पावली परत गेला. बायकोचा चेहरा उतरला. दंतवैद्यांना तर सासूबाईंच्या पायाच पडावंसं वाटलं.

"आई, तुम्ही म्हणाल तसं."

"मग ऐका. याचा समूळ नायनाट होईपर्यंत मी इथून हलत नाही."

संध्याकाळी दवाखान्याच्या दारावर नवी पाटी लागली : 'रोज दुपारी एक ते पाच बंद.'