दोन वराती, दार मात्र एकच

कुठलीही गोष्ट दोघांत सारखी वाटायची असेल तर लोकांनी मला बोलवावं. उभं आयुष्य शाळेत मी हेच केलं. एका पेरूचे दोन भाग असे करीन की बियासुद्धा सारख्या निघतील. त्यामुळे मालिवान आणि ओराथाईच्या लग्नाचं सगळं माझ्यावर सोपवलं गेलं तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "निर्धास्त राहा. कुणाची मान खाली जाणार नाही."

दोघी माझ्याच हाताखाली शिकलेल्या. मालिवान बाजारात नारळाच्या दुधातल्या मिठाया विकते, ओराथाई होड्यांची इंजिनं दुरुस्त करते. कालव्यावरच्या पुलाला लागून त्यांचं घर. मालिवानच्या पोटची नामॉय ही दोघींची मुलगी. वय वर्षं नऊ, आणि बोलणं एकोणतीसचं. तिचा डबा एक आई भरते आणि दुसरी तपासते, नखं एक कापते आणि दुसरी पुन्हा बघते. गावात कुणी म्हणालं, "बाई, पोराला बाप नको का हो?" तर मी विचारायची, "तुझं पोरगं कितवीत आहे रे?" मग बोलणं बहुधा भाताच्या पिकावर जायचं.

तीन वर्षांपूर्वी नामॉयला डेंगी झाला. मालिवान नेमकी बँकॉकला गेलेली. ओराथाईनं पोरीला पाठीशी बांधलं, होडी हाणली, इस्पितळ गाठलं. तिथं सही द्यायची वेळ आली तेव्हा विचारलं गेलं, "तुम्ही हिच्या कोण?" नियमानं ती कुणीच नव्हती. मालिवान पोचेपर्यंत ती दाराबाहेर बसून राहिली, ओल्या कपड्यांनी. आता दोन बायकांनाही लग्न करता येईल असा कायदा झाला होता. लग्न लागलं की ओराथाईला नामॉय रीतसर दत्तक घेता येणार होती, आणि तो प्रश्न पुन्हा कुणी तिला विचारणार नव्हतं.

कायद्यानं हो म्हटलं, पण प्रायूननं कुठं म्हटलं होतं? प्रायून म्हणजे ओराथाईचा बाप. होड्या दुरुस्त करायचं काम ती त्याच्याकडूनच शिकली. नामॉय जन्मल्यापासून हा गृहस्थ पूल ओलांडून लेकीच्या घरी आला नव्हता. "पोरगी माझ्या रक्ताची नाही," एवढंच त्याचं पालुपद. ओराथाई मला म्हणाली होती, "बाई, गाव आलं नाही तरी चालेल. बाबा आले पाहिजेत. नामॉय त्यांना लांबूनच बघत असते."

मी त्याच्या अंगणात जाऊन बसले. त्यानं पाणी दिलं, मान वर केली नाही.

"येईन," तो म्हणाला. "पण वरात घेऊन. मुलीचा बाप होऊन दारात ताटकळत उभा राहणार नाही. ढोल पुढे, मी मागे."

"कबूल," मी म्हटलं.

तिथून निघाले ती थेट मालिवानच्या आईकडे, थोंगसुककडे.

"बाई, माझ्या थोरल्या तिन्ही लेकी लोकांनी वाजतगाजत नेल्या," ती म्हणाली. "दर वेळी मी आपली दारात सोन्याची साखळी आडवी धरून उभी. मुलाकडच्यांना अडवा, चार प्रश्न विचारा, त्यांना नाचायला लावा, आणि शेवटी आपलीच मुलगी देऊन मोरीत जाऊन रडा. पुरे झालं. या खेपेला वरात मी काढणार."

"कबूल," मी म्हटलं.

बघा, पेरूचे किती सुरेख दोन भाग केले. प्रायूनची वरात पुलावरून येईल, थोंगसुकची कालव्याच्या काठानं. दोन्ही एकाच मुहूर्तावर दोघींच्या घरी पोचतील. कुणी मोठं नाही, कुणी छोटं नाही.

लग्नाच्या सकाळी मी आणि नामॉय ओसरीवर सोनेरी मिठायांची तबकं मांडत होतो. नामॉयनं विचारलं, "बाई, सगळेच वरातीत गेले. मग अडवणार कोण?"

"मोठ्यांच्या कामात मध्ये बोलू नये," मी म्हटलं. "तू मांजराकडे लक्ष दे."

ढोल ऐकू आले. आधी पुलाकडून, मग काठाकडून. आणि जे समोर दिसलं ते बघून माझ्या हातातलं तबक तसंच राहिलं. पुलावर माणसं मावत नव्हती. ज्या बायकांनी ओराथाईकडे बघून आयुष्यभर नाकं मुरडली, त्या सगळ्यांत पुढे नाचत होत्या. काठावरून, पुलावरच्यांसारखीच, शकुनाची केळीची आणि उसाची रोपं खांद्यावर घेऊन एक हिरवं रानच चालत येत होतं. एका वरातीपुढे ओराथाई, दुसरीपुढे मालिवान, दोघी मोतिया रेशमात. इतकं गाव मी शाळेच्या स्नेहसंमेलनालासुद्धा पाहिलं नव्हतं, आणि तिथे तर जेवण फुकट असायचं.

मग दोन्ही वराती फाटकाशी आल्या आणि थांबल्या.

प्रायूननं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "मुलीकडचे कुठं आहेत?"

"तुम्हीच ना?" थोंगसुक म्हणाली.

"आम्ही? आम्ही वरात घेऊन आलोय."

"मग आम्ही काय बाजाराला निघालोय?"

दोन्हीकडच्या ढोलवाल्यांना वाटलं, हा सामना आहे. त्यांनी हात मोकळे सोडून वाजवायला सुरुवात केली. उत्साही पोरांनी दोन्हीकडून एकदमच फाटकात मुसंडी मारली आणि इकडची केळ तिकडच्या उसात अशी अडकली की ना आत, ना बाहेर.

मी धावले. "अर्धे लोक मुलीकडचे व्हा," मी ओरडले. "पटकन!"

कुणी हललं नाही. "बाई, आम्ही नाचत आलोय," एक म्हातारी धापा टाकत म्हणाली. "आता अडवायचं त्राण नाही."

मीच कमरेचा पट्टा सोडून आडवा धरला. पुलाकडच्यांना अडवलं की काठाकडचे पुढे सरकत, काठाकडच्यांना अडवलं की पुलाकडचे. घोळक्यात मागे कुणीतरी हसलं. प्रायूनच्या कानामागे लाली चढली.

"ज्या वरातीला कुणी अडवत नाही ती वरात नव्हे," तो म्हणाला. "नुसती गर्दी. चला रे मागे."

ओराथाईचा चेहरा मी बघितला, आणि माझ्या पेरूतल्या सगळ्या बिया मातीत सांडल्या.

"कुणी जायचं नाही."

आवाज घराच्या पायऱ्यांवरून आला. नामॉय तिथं उभी होती. रबरबँड एकात एक ओवून पोरींनी उड्या मारायला केलेली लांब दोरी तिनं जिन्याच्या दोन्ही खांबांना आडवी बांधली होती.

"तू कुणाकडची गं?" थोंगसुकनं विचारलं.

"मी घरातली. तुम्ही माझ्याच आयांना न्यायला आलात ना? मग मी मुलीकडची. दोघींच्या बाजूची. एकेकानं या. प्रश्न विचारणार, मग उडी मारून आत."

ढोल थांबले. केळ आणि ऊस कुणीतरी गुपचूप सोडवले. थोंगसुक पुढं झाली. "तू माझी कोण?" असं नामॉयनं विचारताच ती "तुझी आजी, लबाडे" म्हणाली, वस्त्र सावरलं आणि टुणकन पलीकडे गेली. लोक टाळ्या वाजवू लागले.

मग प्रायून. पाठ फिरवलेला माणूस पुन्हा वळला, पण तिच्याकडं बघेना. बघत होता तो खांबाकडं. वाकून त्यानं गाठीला हात लावला.

"ही गाठ?"

"होडीची आहे," नामॉय म्हणाली. "कितीही ओढली तरी निसटत नाही. आणि हे शेपूट ओढलं की लगेच सुटते."

"कुणी शिकवली?"

"ओराआईनं."

प्रायून बोटानं गाठ चाचपत राहिला. ती गाठ आमच्या अख्ख्या कालव्यावर एकाच माणसाच्या होड्यांना दिसते. त्या माणसानं आता तिचं शेपूट सरळ करून ठेवलं.

"आता माझा प्रश्न," नामॉय म्हणाली. "तुम्ही माझे कोण?"

दोन्हीकडची माणसं ऐकायला पुढं सरकली. प्रायून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

हे माझं वाक्य. वर्गात हजार वेळा म्हटलेलं. पण त्याचा असा उपयोग होतो हे मला कुठं ठाऊक होतं?

"आजोबा," प्रायून म्हणाला. मग मान वर करून, पुलापलीकडच्या लोकांनाही कळावं असं, "मी हिचा आजोबा आहे."

नामॉयनं एका बाजूचं शेपूट ओढलं, गाठ सोडली आणि दोरी पार पायरीला टेकवली. "तुमचे गुडघे दुखतात ना? असेच या." आणि त्यानं पाय उचलण्याआधीच तिनं त्याचा हात धरला. ओराथाई मालिवानच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती, आणि दोन्हीकडचे ढोल प्रथमच एका तालात वाजत होते. मी एवढी वर्षं मुलांना बेरीज शिकवली. ती अशी करतात हे त्या दिवशी बघितलं.

मग सगळं गाव उड्या मारत आत गेलं. सरपंच गेला, ढोलवाले ढोलासकट गेले. दुपारी कचेरीत सह्या झाल्या, तिथं कुणाला काही विचारावं लागलं नाही. पण ते पुढचं. त्याआधी पायऱ्यांशी शेवटी उरले मी, पट्टा हातात घेऊन.

दोरी पुन्हा गुडघ्याएवढी वर बांधलेली होती.

"बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

मी मान ताठ केली. "मी दोन्हीकडची. अगदी सारखी."

नामॉयनं दोरी बोटानं ताणून पाहिली.

"मग तुम्ही दोनदा."