डेल्मरकाकांच्या कबरीची वाट

उंचसखल जमिनीवर सूर्यामागे वळणाऱ्या सोलर पॅनेलच्या रांगा बसवाव्यात तर मीच! सगळ्या वेस्ट व्हर्जिनियात दुसरा माणूस दाखवा. बाकीचे आधी टेकडी सपाट करतात. मी टेकडीला धक्का लावत नाही, तिच्या चढउतारावरूनच रांग नेतो. हे मी भेटेल त्याला ऐकवत असे. हल्ली कोणी विचारत नाही.

ऑर्फा मावशीची टेकडी अशीच खडबडीत, कोळसा काढून सोडून दिलेली. माथ्यावर आमच्या घराण्याची दफनभूमी. मावशीचे यजमान डेल्मरकाका हिवाळ्यातच तिथं गेले. मावशीनं आमच्या सोलर कंपनीला टेकडी दिली ती एकाच अटीवर: काकांपर्यंतची वाट बंद व्हायची नाही. मी छातीठोकपणे सांगितलं, "मावशी, वाट रांगेखालून जाईल. जरा मान वाकवायची, झालं." आणि तसं मोजूनही पाहिलं, जेवणाच्या सुट्टीत, भर दुपारी.

मे महिन्यात आमच्याकडे डेकोरेशनचा रविवार असतो. चर्च सुटलं की टेकडीवर जायचं, कबरी साफ करायच्या, फुलं ठेवायची आणि तिथंच चादरी पसरून जेवायचं. अलीकडे नातेवाईक तोंड दाखवून पळतात. काकांच्या पहिल्या डेकोरेशनला तरी कोणी घटकाभर थांबेल का, या काळजीनं मावशी झुरत होती, आणि झुरत झुरत चिकन तळत होती.

दुपारी सगळे रांगेखालून आरामात वर आले. चिकन संपलं, केळ्यांचं पुडिंग अजून उघडायचं होतं, तेवढ्यात माझा चुलतभाऊ लॉयल गाडीच्या किल्ल्या खुळखुळवत उठला. गेला तसाच परत आला. "व्हर्जिल, तुझ्या रांगेनं वाट खाल्ली," तो म्हणाला.

सूर्य कलला तशी रांगही पश्चिमेकडे कलली होती. आणि वाटेवर नेमका उंचवटा! खालची कड जमिनीपासून जेमतेम हातभर. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला जुन्या खाणीचा कडा. रांग सरळ करायचा टॅबलेट खाली ट्रकमध्ये, आणि वर फोनला रेंज नाही. मी सरपटून पाहिलं, पोट अडकलं. दोघांनी पाय धरून मला मागे ओढलं. बाकीच्यांत निम्म्यांचे गुडघे बदललेले, उरलेल्यांची पोटं माझ्याएवढीच. पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली. ती माझ्यासाठी होती की माझ्याविरुद्ध, ते कळलं नाही.

करतात काय? बसले. आधी सगळ्यांनी मला शिव्या घातल्या. शिव्या संपल्या तेव्हा काकांच्या गोष्टी निघाल्या: खाणीतून आल्यावर त्यांचे नुसते डोळे दिसायचे ते, खोकला लपवायला ते मोठ्यानं गायचे ते. लॉयल तर हसता हसता रडायला लागला. मावशी कबरीच्या दगडाला टेकून पुडिंग वाढत होती. काका गेल्यापासून मी तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

ऊन उतरलं, रांग रात्रीसाठी आपोआप पुन्हा आडवी झाली आणि मंडळी निरोपही न घेता पांगली. मावशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "रांग दुरुस्त करू नकोस हं. पुढच्या वर्षीही अशीच राहू दे."

नाही केली. पण पुढचं वर्ष मावशीनं पाहिलंच नाही. थंडीत तीही काकांशेजारी गेली. डेकोरेशनला मी तिच्यासारखंच ढीगभर चिकन तळून वर नेलं. नातेवाईक मात्र शहाणे झाले होते. फुलं ठेवली आणि रांग कलायच्या आत सगळे खाली उतरले.

वर अडकलो मी एकटाच. मावशीला वाढलं, काकांना वाढलं आणि संध्याकाळपर्यंत दोघांच्या वाटणीचंही मीच खाल्लं.