चौकातला मोठा फोटो

नंदनवनच्या चौकात सकाळी सात वाजता प्रेमानंद मेश्रामांनी स्वतःला वाहिलेली आदरांजली वाचली.

फ्लेक्स त्यांनीच सांगितला होता, पण हिरोदांसाठी. हिरोदा हे जपानी गृहस्थ परवा वारले. खेळण्यातल्या बंदुका दुरुस्त करता करता त्यांनी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम घडवला. पुढे कंपनीचे संचालक झाले, तरी हातातलं सोल्डरिंग काही सुटलं नाही. त्यांचीच यंत्रं उघडून उघडून प्रेमानंदांनी तीस वर्षं व्हिडिओ गेम दुरुस्तीचं दुकान चालवलं. प्रेमानंदांचा मुलगा दुर्गेश मात्र "हे सारं भंगार आहे बाबा" म्हणून पुण्याला गेला आणि चार वर्षं बापाशी बोलला नाही. त्या जखमेवर औषध नव्हतं. निदान हिरोदांसाठी चार माणसांनी हळहळावं, एवढंच प्रेमानंदांना वाटलं होतं.

फ्लेक्सवर वर दिवंगताचा मोठा फोटो आणि खाली 'शोकाकुल' म्हणून प्रेमानंदांचा छोटा, असं ठरलं होतं. छापताना दोन्ही फोटोंची अदलाबदल झाली होती. मजकूर होता, 'व्हिडिओ गेमचा उस्ताद गेला'. प्रेमानंद तडक फ्लेक्सवाल्याकडे गेले.

"काहून गा लहानू, मले काहून मारलं?"

"काका, जपान्याले चौकात कोन ओळखते? मोठा फोटो आपल्याच मानसाचा रायते ना."

नऊ वाजता शेजारच्या शोभाताई हार घेऊन रडत आल्या आणि दारातच थबकल्या.

"तुमी तं चांगले आहा," त्या तक्रार केल्यासारख्या म्हणाल्या.

मग लहानपणी दुकानात पडीक असलेली, आता टक्कल पडलेली पोरं आली. उस्ताद जिवंत पाहून ती खूश झाली, चहा प्याली आणि कामाला निघून गेली. हिरोदांसाठी कोणी थांबलं नाही. शोभाताईंचा हार तेवढा दुकानातल्या हिरोदांच्या फोटोला मिळाला. प्रेमानंदांना फार वाईट वाटलं.

तेवढ्यात त्यांच्या बायकोचा, सरिताचा, फोन वाजला. फ्लेक्सचा फोटो पुण्यापर्यंत पोचला होता.

"आई, मी निघून राहिलो वं," दुर्गेश हुंदके देत होता. "मी येईपर्यंत बाबाले नेऊ देऊ नको. मले माफी मागाची आहे." फोन बंद झाला.

सरिताच्या डोळ्यांना धार लागली. "लावा त्याले फोन. जित्ता आहो म्हनून सांगा."

प्रेमानंदांनी फोन हातात घेतला आणि उपडा करून टेबलावर ठेवला.

"सांगितलं तं परत फिरन वं तो."

बाहेर लहानू शिडी घेऊन आला होता. "काका, काढतो फ्लेक्स. चुकलंच माझं."

"राहू दे गा," प्रेमानंद डोळे पुसत म्हणाले. "उद्यापर्यंत राहू दे. पोरगं येऊन राहिलं."