आठ दाढांचे स्पीकर

"हे काय आणलंत?" दातारांच्या बायकोने दारातच विचारलं.

"स्पीकर."

"ते दिसतंय मला. पण कुणाचे?"

"आपले!" दातार म्हणाले आणि दोन्ही काखांत एकेक खोकं घेऊन, तान्ह्या जुळ्यांना पहिल्यांदा घरी आणावं तसे जपून आत आले.

दातार हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. ते कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर तोंडांची मापं पाठवत आणि हे घराच्या मागच्या खोलीत मेण, प्लॅस्टर आणि गुलाबी ॲक्रिलिक घेऊन त्या मापाची बत्तिशी उभी करत. त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना दातारच म्हणे. आता तर टपालसुद्धा त्याच नावाने येई आणि खऱ्या आडनावाने आलेलं पत्र पोस्टमन 'असं कुणी इथं राहत नाही' म्हणून परत नेई.

स्पीकर मिळाले होते बंद पडणाऱ्या एका फोटो स्टुडिओत. स्टुडिओवाल्याने स्पीकर, एक डुगडुगती खुर्ची आणि कापडावर रंगवलेला धबधबा अशा तीन गोष्टी अगदी स्वस्तात काढल्या होत्या. दातारांनी मोठ्या कष्टाने धबधब्याचा मोह आवरला.

"यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात," त्यांनी बायकोला समजावलं. "पुस्तकांच्या फळीवर ठेवायचे असतात."

बायको ग्रंथालयात नोकरीला होती. "मग पुस्तकं कुठं ठेवायची?"

"स्पीकरवर."

यानंतर स्पीकर दिवाणखान्यातल्या बसक्या टेबलावर ठेवायचं ठरलं. म्हणजे बायकोने ठरवलं.

या सगळ्याच्या मुळाशी थोरले साडू होते. साडूंच्या घरी माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर होते. ते चालू असताना पाहुण्यांनी खोकायचं नाही, असा नियम होता. गेल्या महिन्यात दातारांना तिथे गाणं ऐकता ऐकता शिंक आली. साडूंनी गाणं थांबवलं आणि चार माणसांत म्हणाले, "तुमचं कसं आहे, तुमचं काम तोंडाचं. कानाचं काम वेगळं असतं."

ते वाक्य दातारांच्या मनात दाढेत अडकलेल्या सुपारीसारखं बसलं होतं. स्पीकर घरी येताच त्यांनी साडूंना फोन लावला. "रविवारी चारला या. आवाज म्हणजे काय ते ऐकवतो."

"कुठले घेतलेत?" साडूंनी विचारलं.

"घेतले नाहीत," दातार म्हणाले. "घडवतोय."

घडवण्यासारखं पुष्कळ होतं. स्पीकर लावल्याबरोबर ढोलाच्या प्रत्येक ठोक्यामागे फडफड ऐकू येऊ लागली. दातारांनी पुढची जाळी काढून पाहिलं. आवाजाच्या गोल पडद्याभोवतीची मऊ कडा दोन्हींकडे जागोजागी फाटली होती. दुसरा कुणी असता तर त्याने दुरुस्तीचं दुकान गाठलं असतं. दातारांनी मान तिरपी करून त्या कडेकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"हिरडी गेलीय," ते म्हणाले.

कवळी टोचू नये म्हणून तिला आतून एक मऊ गुलाबी रबर लावतात. दातारांनी तेच कालवलं. पडदे बाहेर काढले, मागच्या तारा सोडवल्या, बोटाच्या टोकाने ते रबर सगळ्या भेगांत भरून गुळगुळीत केलं आणि वाळल्यावर सगळं पुन्हा जोडून टाकलं. काम इतकं सुबक झालं की सांधा शोधूनही सापडेना. फक्त आता दोन्ही स्पीकर गुलाबी हिरड्या दाखवत आ वासून बसल्यासारखे दिसत होते.

"घास भरवायचा का?" बायकोने विचारलं.

दातारांनी उत्तरादाखल गाणं लावलं. फडफड पार गेली होती. पण तिच्याबरोबर ढोलही गेला होता. काल छातीत वाजणारा ठोका आज कुणीतरी पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसा येत होता. आणि गाणारी बाई धड कुठल्या एका जागी उभीच राहीना. घटकेत खिडकीपाशी, घटकेत कपाटामागे.

"ही बाई काहीतरी शोधतेय का?" बायको म्हणाली.

"खोकं आतून पोकळ आहे. आवाज घुमतो," दातारांनी निदान केलं. मग मागच्या खोलीतून कापसाच्या गुंडाळ्या आल्या आणि दोन्ही खोक्यांत गच्च भरल्या गेल्या. ढोल परतला नाही. मग दातारांनी टेबलावर हात ठेवून पाहिलं. टेबल थरथरत होतं.

"सापडलं! सगळा दम टेबल खातंय. खाली पाय हवेत. टणक आणि लहान."

टणक, लहान, कितीही दाब आला तरी न झिजणारी अशी कुठली वस्तू आपल्या घरात आहे, याचा विचार करायला दातारांना फार वेळ लागला नाही. खणात कृत्रिम दातांची पाकिटं होती. त्यांनी आठ मोठ्या दाढा निवडल्या आणि प्रत्येक स्पीकरच्या चार कोपऱ्यांना चार अशा चिकट मेणाने पक्क्या बसवल्या. मग लांब उभं राहून पाहिलं. स्पीकर इतके ऐटीत उभे होते की दातारांना क्षणभर वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं माणसांच्या तोंडात काम करत राहिलो.

ढोल अजूनही पुठ्ठ्याचाच होता. पण आता दातारांच्या कानांना त्याची सवय झाली होती. "आवाज मोकळा झालाय," ते म्हणू लागले. "एका जागी अडकून पडत नाही."

रविवारी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "दातार, मी प्रवासात आहे. त्या आजोबांची मेणातली कवळी आज त्यांच्या तोंडात बसवून बघायची होती ना? त्यांना तुमच्याकडेच पाठवते. पाचला येतील. तीन आठवडे बिनदातांचे आहेत बिचारे. आणि त्यांच्या दातांची छटा फार मुश्किलीने मिळालीय हं, कंपनीने ती बंद केलीय. ते पाकीट जपून ठेवलंय ना?"

"म्हणजे काय!" दातार म्हणाले आणि खण उघडला.

पाकीट होतं. त्यात पुढचे दात होते, सुळे होते, लहान दाढाही होत्या. मोठ्या दाढांच्या जागी आठ रिकामे खळगे होते.

दाताच्या पिवळेपणाच्या सोळा छटा नुसत्या नजरेने ओळखणाऱ्या माणसाला उत्साहाच्या भरात पाकिटावरचं लेबल दिसलं नव्हतं. दातार खुर्चीवर बसले. मग त्यांनी हिशेब मांडला. बाकीचे दात आत्ताच मेणात लावून ठेवायचे. साडू चारला येणार, वीस मिनिटांत दिपून परत जाणार. आजोबा पाचला. मधल्या वेळात दाढा काढायच्या, धुवायच्या, मेणात बसवायच्या. जमेल.

पावणेचारला बेल वाजली. दारात साडू होते आणि त्यांच्या मागे, तोंडावर घडी घातलेला रुमाल धरलेले, कडक इस्त्रीचे एक म्हातारे गृहस्थ.

"हे जिन्यात भेटले," साडू म्हणाले. "पत्ता दाखवला, बोलत काहीच नाहीत. तुमचं गिऱ्हाईक दिसतंय."

"काका, तुम्ही लवकर आलात," दातार कसेबसे म्हणाले. "बसा. दहा मिनिटं गाणं ऐका, मग तुमचंच काम."

आजोबांनी मान डोलावली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

"ताई नाही आली?" बायकोने साडूंना विचारलं.

"तिचं डोकं दुखतंय. गाणं म्हटलं की दुखतं. दहा वर्षं झाली."

साडू स्पीकरपाशी वाकले. हिरड्या पाहिल्या. खालच्या दाढा पाहिल्या. त्यांच्या मिशीची डावी बाजू हलली. दातारांनी गाणं लावलं.

ठोका पुठ्ठ्यावर पडला. बाई कपाटामागून गाऊ लागली. साडू डोळे मिटून बसले. एका कडव्यानंतर त्यांनी डोळे उघडले आणि फार प्रेमाने म्हणाले, "छान दिसतात हो."

दातारांचा चेहरा पडला. इतक्यात कोपऱ्यातले आजोबा ताडकन उठले. त्यांनी रुमाल खाली घेतला, स्पीकरकडे बोट केलं आणि कळवळून म्हणाले, "एका फ्पीकलची फाल उलटी आहे! उलटी!"

"उलटी!" बायको ओरडली. "अहो, काकांना उलटी होतेय!" ती घमेलं आणायला धावली. साडूंनी चपळाईने दोन्ही पाय वर सोफ्यावर घेतले.

"नाही, नाही! फाल! फाल उलटी!" आजोबा हातवारे करू लागले.

"हो हो, सावकाश," साडू सोफ्यावरून म्हणाले. "खाली वाका. घमेल्यात करा."

बायकोने घमेलं आजोबांच्या हनुवटीखाली धरलं. आजोबांनी ते बाजूला सारलं. तिने पुन्हा धरलं. हे चाललेलं असताना एकटे दातार स्तब्ध उभे होते. तीस वर्षं त्यांनी बोळक्या तोंडांचीच भाषा ऐकली होती. ती भाषा या घरात फक्त त्यांना येत होती.

"थांबा!" ते म्हणाले. "ते म्हणताहेत, एका स्पीकरची तार उलटी आहे!"

आजोबांनी घमेलं हातात घेतलं, खाली ठेवलं आणि दोन्ही हात जोडले.

मग ते बोलत गेले आणि दातार वाक्यामागून वाक्य उलगडून सांगत गेले. आजोबांनी चाळीस वर्षं गाणी ध्वनिमुद्रित केली होती. दोन स्पीकरांतल्या एकाची तार उलटी लागली की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. दोघं एकमेकांचा ठोका खाऊन टाकतात. आणि गाणाऱ्याला उभं राहायला मध्ये जागाच उरत नाही.

साडूंनी हळूच पाय खाली घेतले.

दातारांनी उजव्या स्पीकरचा पडदा सोडवला. तारा दोन्ही काळ्याच होत्या, फक्त एकीवर केसाएवढी पांढरी रेघ. ती पलीकडच्या टोकाला लागली होती. त्यांनी ती बदलली, पडदा बसवला आणि गाणं पुन्हा सुरू केलं.

ढोल खोलीत आला. खिडकीची तावदानं त्याने एकदा हलवून पाहिली. आणि ती बाई, तीन दिवस घरभर हिंडणारी, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये येऊन उभी राहिली आणि गाऊ लागली. कुणी हललं नाही. मध्येच साडूंना खोकला आला, तो त्यांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबून धरला.

गाणं संपलं. "हे... या एवढ्याशा खोक्यांतून?" साडू म्हणाले.

दातारांनी स्पीकरवरची नसलेली धूळ रुमालाने अलगद पुसली. आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. पण आजोबा आता वाकून स्पीकरच्या पायांकडे पाहत होते. त्यांनी बोट लावलं आणि प्रश्नार्थक वर पाहिलं.

"तुमच्याच आहेत, काका," दातार खाली मान घालून म्हणाले. "चुकून लागल्या. आत्ता काढतो."

आजोबांचे खांदे हलू लागले. ते रागावले असं बायकोला वाटलं आणि तिने सवयीने घमेल्याकडे पाहिलं. पण ते हसत होते. हसता हसता काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाले?" साडूंनी विचारलं.

"म्हणाले, आयुष्यात हजार स्पीकर ऐकले, पण स्वतःच्या दाढांवर उभे असलेले आजच ऐकले."

मग साडूंना कामाला लावण्यात आलं. ते एकेक स्पीकर छातीशी धरून उभे राहिले आणि दातारांनी गरम सुरीने आठही दाढा अलगद सोडवल्या. त्या साबणाने धुतल्या, औषधी पाण्यात बुडवल्या, मागच्या खोलीत नेऊन मेणात एकेक करून ओळीत बसवल्या. अर्ध्या तासाने ते कवळी घेऊन बाहेर आले आणि ती त्यांनी आजोबांच्या तोंडात बसवली. आजोबांचे गाल भरून आले. तीन आठवड्यांनी त्यांचा चेहरा त्यांना परत मिळाला.

"आता काका, एकसष्ट ते सत्तर मोजा," दातार म्हणाले. "स, ष, त, ट सगळी अक्षरं तपासायची असतात."

आजोबांनी जीभ दातांवरून एकदा फिरवली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात बोलू लागले.

"सत्य सांगतो, संताप नसावा. तार सरळ केल्यामुळे सुसह्य झाले इतकंच. पण कापूस ठासून ठासून तुम्ही त्यांचा श्वास कोंडलाय. ते रबर तर सपशेल जास्त. शिवाय सगळे सूर सर्दी झाल्यासारखे येतात. थोडक्यात, दोन्ही स्पीकर तद्दन सदोष आहेत."

साडू सोफ्यावरून पुढे सरकले. त्यांची मिशी दोन्ही बाजूंनी हलू लागली होती. त्यांनी दातारांकडे पाहिलं. दातार डोळे अर्धवट मिटून, मान एका बाजूला कलती करून, तल्लीन होऊन ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं, जे ढोल परत आला तेव्हाही दिसलं नव्हतं.

"अहो, ते तुमच्या स्पीकरांना नावं ठेवताहेत!" साडू म्हणाले.

"ठेवू देत हो," दातार म्हणाले. "पण ऐकलंत का? शीळ नाही, थुंकी नाही, एकेक अक्षर कसं सुटं पडतंय! काका, ते 'सदोष' तेवढं पुन्हा एकदा म्हणा."