चांदकी आधी काढायची

मला एक सांगा, माणसानं विश्वास नेमका कशावर ठेवावा? बोललेल्या शब्दावर की लिहिलेल्या? आम्हा दुकानदारांना विचाराल तर लिहिलेल्यावर. बोलणं वाऱ्यावर जातं, कागद गल्ल्यात राहतो. मीही जन्मभर हेच म्हणत आलो. पण आमच्या शेजारच्या किराणावाल्याचं जे झालं ते पाहिल्यापासून जरा अडखळतो.

तीस वर्षं किराणा विकून, गुडघे बोलायला लागल्यावर त्यानं दुकान पुतण्याच्या हवाली केलं. घरामागच्या शेडमध्ये बायकोच्या नऊ शेळ्या होत्या. बारा घरांना त्यांचं दूध जायचं, त्यांतली चार घरं आजाऱ्यांची. त्या कारभारात नवऱ्याचा अधिकार लेंड्यांच्या पाट्या उचलण्यापुरता. मग बायकोचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही, आणि मनाला धक्का बसेल असं काही कानावर जाऊ द्यायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी तिला सांगितल्या; तिसरी ह्याला व्हरांड्यात घेऊन.

"मी आहे ना," तो बायकोला म्हणाला. "चारशे जिन्नस सांभाळलेत. नऊ शेळ्या म्हणजे काय मोठंसं?"

"जिन्नस लाथ मारत नाहीत," ती म्हणाली.

नुसतं सांभाळून थांबला असता तर तो किराणावाला कसला? त्यानं सुधारणा काढल्या. गळ्यात नंबराचे बिल्ले, चारा काट्यावर तोलून, दूध काढायला लाकडी स्टँड, आणि एक वही. वहीत रकाने: नंबर, नाव, सकाळ, संध्याकाळ, शेरा. (पहिली वही तीन नंबरनं खाल्ली, पुठ्ठ्यासकट. दुसरी त्यानं खुंटीवर टांगली.) सुधारणा वाढत गेली तसतसं दूध कमी होत गेलं.

त्यातच बायकोला पंधरा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. निघताना, रिक्षा दारात उभी असताना, तिनं गोळ्यांच्या पाकिटाच्या पाठीवर चार ओळी खरडून त्याच्या हातात दिल्या.

"ठेंगणी – ओला पाला नको. शिंगमोडी – डावीकडून बसावे. भुरी – पाणी कोमट. चांदकी – आधी काढायची."

आता बघा हं. आमच्या धंद्यात 'आधी काढायचा' म्हणजे जुना माल. खराब व्हायच्या आत पुढच्या फळीवर मांडायचा आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा. तीस वर्षं ह्यानं पोत्यांवर खडूनं हेच लिहिलेलं. आणि शेडमध्ये दाटी होतीच. चौथ्या दिवशी शेळ्यांचा व्यापारी दारावरून चालला होता, त्याला ह्यानं आपण होऊन हाक मारली.

व्यापाऱ्यानं चांदकीच्या पोटाखाली हात घातला, कपाळावरचा पांढरा ठिपका पाहिला आणि मान वर केली. "शेठ, कास भरलेली आहे. नक्की देताय?"

"मालकिणीच्या हातचं लिहिलेलं आहे," किराणावाला म्हणाला, आणि पाकीट दाखवलं.

लिहिलेलं म्हटल्यावर व्यापारी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला तेव्हा बायको उशीला टेकून बसली होती.

"चांदकी काढता ना आधी?"

"काढली की."

"सगळ्यांत आधी?"

"सगळ्यांत आधी."

"त्रास नाही ना दिला?"

"छे. मुकाट्यानं गेली."

"कुठे गेली?"

तो काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "हां, तुमच्या त्या स्टँडवर. बरं झालं. तिची धार भांड्यात वाजल्याशिवाय बाकीच्या पान्हाच सोडत नाहीत. बाटलीनं दूध पाजून वाढवलीय मी तिला, माझ्यासारखीच हट्टी आहे."

धार. हा शब्द काही पाकिटावर नव्हता. शेळ्या राखणारं माणूस तो कशाला लिहील? पाणी पिताना 'तोंडानं' असं कुणी लिहितं का?

तो तिथून तडक व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी दारातच दोर वळत बसला होता. "कालच्याच गाडीनं पुढे गेली, शेठ. पुढे म्हणजे कुठे, ते मला विचारू नका."

बायको घरी आली. तिच्या खोलीतून शेड दिसत नसे, ऐकू मात्र सगळं येई. संध्याकाळी ती वही वाचून दाखवायला सांगायची. तो वाचायचा, "ठेंगणी, पाऊण लिटर. शिंगमोडी, अर्धा. चांदकी, सव्वा." सव्वा म्हणताना खाली मान. ज्या माणसानं मापात कधी दाणा मारला नाही, तो नसलेल्या शेळीचं दूध बायकोला मोजून देत होता. वाचून झालं की वही तिच्या उशाशी राहायची. तिला आकडे बघत पडायला आवडे. दुसऱ्या दिवशी तो नवं पान उघडायचा; खोटं लिहिलेलं मागचं पान उलटून बघायची त्याला छाती नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पहाटे चांदकीची हाक नाही आली. धारेच्या आधी तीनदा ओरडते ती."

डॉक्टरांचं व्हरांड्यातलं बोलणं त्याच्या कानात होतं. दुसऱ्या पहाटे साठ वर्षांचा, दोन जावयांचा सासरा झालेला तो गृहस्थ चाऱ्याच्या ढिगामागे उकिडवा बसला आणि तीनदा ओरडला. आठही शेळ्यांनी चघळणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मला त्यानं दोनदा केलं, दोन्ही वेळा मला हसू आलं आणि दोन्ही वेळा त्याला आलं नाही.

आतून बायकोचा आवाज आला. "घसा बसलाय वाटतं तिचा. कोमट पाण्यात मीठ घालून पाजा."

त्यानं केलं आणि स्वतःच प्यायला. घसा खरंच बसला होता.

असे सात आठवडे गेले. तो रोज पहाटे ओरडला. एकदा पाठीत उसण भरली, तरी वाकून ओरडला. दूधवाली घरं बारावरून सातावर आली. वहीत मात्र चांदकी सव्व्यावरून दीडवर गेली. (सुधारणेची सवय, दुसरं काय.) बायको आकडा ऐकून नुसती "असं का" म्हणायची आणि त्याच्या मनगटावर हात ठेवायची. तो हात दिवसेंदिवस हलका होत गेला. एका पहाटे तो तीनदा ओरडला आणि आतून काहीच आलं नाही. तो चौथ्यांदा ओरडला. मग पाचव्यांदा. मग आत गेला.

पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा तो शेडमध्ये स्टँडवर बसला होता, मांडीवर वही. शेऱ्याचा रकाना त्यानं आखला होता, भरला कधीच नव्हता. तो पेन्सिलीनं भरलेला होता. फक्त चांदकीच्या ओळीपुढे.

त्यानं वही माझ्या हातात दिली. बारीक, थरथरतं अक्षर.

"दवाखान्यातच कळलं. यांना खोटं बोलता येत नाही. विचारलं तर रडतील. विचारायचं नाही."

खाली, "हाक नाही आली म्हटलं, आपण होऊन सांगतील म्हणून. तर हेच ओरडले." त्याखाली, "आज आवाज बरा."

खाली, "दोनदाच ओरडले. तिसऱ्याला ठसका."

मग, "पाठ दुखते तरी आले. उद्यापासून शेक द्यायला सांगणे."

आणि शेवटच्या दिवसासमोर, जिथं ह्यानं आदल्या संध्याकाळी दीड लिटर लिहिलं होतं, तिथं दीडवर काट मारून, "दूध नाही. वेळ मात्र कधी चुकवली नाही."

"वाचलंस?" तो म्हणाला. "तिनं काट मारलीय."

"बरोबर आहे ना पण," मी म्हणालो.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि बराच वेळ शिंगमोडीच्या पाठीवरून उलटा हात फिरवत राहिला, जे तिला अजिबात आवडत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, घरात वही ठेवाल ती खरी ठेवा. दुधाची असो, दाण्याची असो. आपण खोटी ठेवली की खरी दुसरं कुणीतरी ठेवतं, मुकाट्यानं, उशाशी. आणि त्या वहीत आपली नोंद निघते ती शेळीच्या ओळीत.