फ्लॉपीतली ढोलकी

पोह्यांची दुसरी बशी संपत आली तोवर नितीनला मुलगी पसंत पडली होती. आता प्रश्न मुलीकडच्यांचा होता, आणि त्यासाठी तो तिसऱ्या बशीलाही तयार होता. नगरहून मिरजगावला येताना एसटीत भीमराजमामांनी त्याला एकच गोष्ट पढवली होती.

"तिथं कशालाच नाही म्हणायचं नाही. पोहे घ्या म्हणाले, घ्यायचे. पान म्हणाले, खायचं. जो पोरगा नाही-नाही करतो ना, तो लोकांना नखरेल वाटतो. मागच्या दोन ठिकाणी तू हेच केलंस."

मामांनी स्वतः मात्र बैठकीत बसल्या बसल्या जिभेचा पट्टा सोडला. भाचा एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो एवढं सांगून थांबायचं, तर ते म्हणाले, "आणि कम्प्युटरमध्ये तर एकदम पुढं." खरी गोष्ट अशी होती की नितीनने नगरला तीन महिन्यांचा कोर्स केला होता. त्या क्लासात कम्प्युटर एकच होता आणि त्यावर सर कुणाला बसू देत नसत. सर्टिफिकेट मात्र नितीनने लॅमिनेट करून घेतलं होतं.

मुलगी, प्रज्ञा, डीएडच्या शेवटच्या वर्षाला होती. चहा देऊन ती समोरच्या खुर्चीवर बसली. नाव, शिक्षण, आवड हे सगळं झाल्यावर मामा मोठ्या मनाने म्हणाले, "तुला काही विचारायचं असेल तर विचार बाळा."

प्रज्ञाने नितीनकडे एकदा पाहिलं, मग वडिलांकडे वळून म्हणाली, "आबा, पाहुणे कम्प्युटर शिकलेत. आपला बाजा दाखवा ना त्यांना."

मुलीने आपल्या शिक्षणाची दखल घेतली, या आनंदात नितीन पुरता विरघळला. बाजा म्हणजे काय हे विचारायचंही त्याला सुचलं नाही.

प्रज्ञाचे वडील रंभाजी हे पंचक्रोशीतले नावाजलेले गायक. त्यांच्या भीमगीतांच्या पार्टीला बोलावल्याशिवाय त्या भागात जयंती साजरी झाली असं कुणी मानत नसे. ते उठले आणि आतून क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला एक लांबलचक कीबोर्ड दोन्ही हातांवर घेऊन आले. मोडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून त्यांनी तो नुकताच विकत घेतला होता. त्यांनी तो पाटावर ठेवला, खिशातून एक फ्लॉपी काढली आणि नितीनच्या हातावर ठेवली.

"हिच्यात समदं हाय," रंभाजी म्हणाले. "ढोलकी हाय, हलगी हाय, तुनतुनं हाय, बासरी हाय. श्रीरामपूरच्या पार्टीकडनं आनलीया. आमचा ढोलकीवाला पुन्याला कंपनीत लागला. म्हनलं जाऊ द्या, आता ढोलकी खिशात मावती."

"मग अडचण काय आहे?"

"घातली तरी त्यातली ढोलकी काय वाजत न्हाई. वैशाखी पौर्णिमेला विहाराम्होरं कार्यक्रम हाय. पार आष्टीपतूर सांगून बसलोय. ढोलकीबिगर हुभा ऱ्हायलो तर लोक काय म्हनतील? जमंल का तुमाला?"

"जमेल का म्हणजे?" मामा म्हणाले. "त्याच्या हातचा मळ आहे तो."

सगळ्यांनी नितीनकडे पाहिलं. प्रज्ञानेही पाहिलं. नितीन म्हणाला, "हो."

त्याने फ्लॉपी आत सारली. बाजाच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत आलं की फाइल नाही. नितीनने फ्लॉपी काढली, फुंकर मारली, शर्टाला पुसली आणि पुन्हा घातली. फाइल नाहीच. मग त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आवाजांचे काही नंबर दिलेत का त्यांनी?"

नंबर रंभाजींना गाण्यासारखे पाठ होते. त्यांनी बासरीचा नंबर सांगितला. नितीनने तो दाबला आणि हलक्या हाताने एक पट्टी वाजवली. घरात हेलिकॉप्टर शिरलं. प्रज्ञाची आई चांगुणाबाई स्वयंपाकघरातून थेट अंगणात गेल्या आणि डोळ्यांवर हात धरून आभाळात बघू लागल्या.

"ही बासरी?" रंभाजींनी विचारलं.

"नंबर सरकलाय," नितीन म्हणाला. "ढोलकीचा सांगा."

ढोलकीच्या नंबरावर टेलिफोन वाजला. शेजारच्या गहिनीनाथांकडे महिन्याभरापूर्वीच नवा फोन बसला होता. ते आंघोळ अर्धी टाकून टॉवेलवर घरात धावल्याचं खिडकीतून सगळ्यांना दिसलं. हलगीच्या नंबराला बंदुकीचा बार उडाला, तसं खाटेखालचं कुत्रं जे सुटलं ते थेट हायवेला लागलं. शेवटी तुणतुण्याचा नंबर दाबला, तर हजारो माणसांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. मामांनी नकळत हात जोडले.

आता दारात माणसं जमली होती. नितीनने फ्लॉपी काढून उलटसुलट पाहिली आणि परत घातली. "आबा," त्याने चाचरत विचारलं, "ही फ्लॉपी याच बाजाची आहे ना?"

"फ्लॉपी ती फ्लॉपी," रंभाजी म्हणाले. "कॅसेट न्हाई का, कुन्या बी टेपात वाजती."

यावर कोर्समध्ये काहीच शिकवलं नव्हतं. नितीनने पुन्हा बटणांकडे पाहिलं, आणि त्या परक्या गर्दीत त्याला एक ओळखीचं नाव दिसलं. फॉरमॅट. सरांचं वाक्य त्याला लख्ख आठवलं : फ्लॉपी चालेनाशी झाली की फॉरमॅट करायची. सर त्यापुढेही काही तरी म्हणाले होते, पण तेव्हा लाइट गेली होती आणि वर्गात आरडाओरडा सुरू होता. नितीनने बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न उमटला.

"काय म्हनतंय?" रंभाजींनी विचारलं.

"विचारतंय, हो की नाही."

मामांनी मागून त्याच्या पाठीला बोट टोचलं. "हो म्हण."

सकाळपासून नितीन सगळ्याला होच म्हणत आला होता. बोटालाही आता तीच सवय लागली असावी. त्याने हो दाबलं. बाजा बराच वेळ आतल्या आत कुरकुरला आणि मग काम पूर्ण झाल्याचं त्याने मोठ्या अदबीने कळवलं. नेमक्या त्याच क्षणी सरांचं पुढचं वाक्य नितीनच्या डोक्यात उगवलं : आतलं सगळं पुसलं जातं.

खोटं बोलायला एक क्षण होता. लाइट कमीजास्त झाली म्हणता आलं असतं. पण प्रज्ञा टक लावून बघत होती आणि त्या नजरेपुढे त्याला काही रचता येईना.

"आबा," तो म्हणाला, "माझ्याकडून पुसलं गेलं."

"काय?"

"सगळं."

"ढोलकी?"

"ढोलकी."

"बासरी बी?"

"बासरी पण. तुणतुणंसुद्धा. चूक माझी आहे. मला हे येत नाही, मी उगाच हो म्हणालो."

मामा म्हणाले, "पुसली म्हणजे एका अर्थी स्वच्छच झाली की," पण ते कुणी मनावर घेतलं नाही. लग्न मोडलं, हे नितीनला कळून चुकलं, आणि इतकं वाईट त्याला आधीच्या दोन नकारांनी मिळूनही वाटलं नव्हतं. रंभाजींनी बाजावर क्रोशाचा रुमाल पुन्हा टाकला. मग अगदी शांत आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. प्रज्ञा, पाव्हन्यांना परडं दाखव जा."

नितीन चक्रावला. ज्याची अख्खी पार्टी आपण पुसली, तो माणूस आपल्याला परड्यातला शेवगा दाखवायला पाठवतो आहे, याचा अर्थ त्याला लागेना.

शेवग्याखाली प्रज्ञाने आधी मागे वळून दाराकडे पाहिलं. "तुम्ही काही पुसलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

"मी हो दाबलं. सगळ्यांनी पाहिलं."

"ते मी परवाच दाबलं होतं. आबा शेतावर गेले होते. फ्लॉपी चालत नव्हती, म्हटलं बघावं. त्यानं विचारलं, मी हो म्हटलं. दोन दिवस पाण्याचा घोट उतरला नाही माझ्या घशाखाली."

"म्हणून तुम्ही मला दाखवायला लावलंत?"

"कुणाच्या तरी माथी जायला हवंच होतं ना. चुकलं माझं, पण मला वाटलं तुम्ही फ्लॉपीवर ढकलाल, नाहीतर लाइटवर. सुटलो असतो दोघं. तुम्ही आपलं सरळ कबूल केलंत." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "असा माणूस मला चालेल. पण आबांना सांगू नका. ते हाय खातील."

नितीन हवेत तरंगत घरात आला. निरोप घेतला, चपला घातल्या. रंभाजी त्यांना सोडायला स्टँडवर आले. मामा गाडीची चौकशी करायला गेले, तसं रंभाजींनी नितीनला रसाच्या गुऱ्हाळामागे नेलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या मनाला लागलंय. पर तुमी काय बी केलं न्हाई."

नितीनला वाटलं, प्रज्ञाने सांगितलं. पण रंभाजी पुढे बोलू लागले तसा त्याचा जबडाच खाली आला.

"आनली त्याच दिशी मी ती पत्र्याची झडप सरकवून बगितली. म्हनलं ढोलकी कुठं बसवलीय बगावं. आत काळी चकती. तिच्यावर धुरळा दिसला. उपरन्यानं पुसली. निघंना, म्हून जरा थुकी लावली." त्यांनी खांद्यावरचं उपरणं सावरलं. "तवापासनं ढोलकी गप हाय. पोरीला वाटतं तिचा बाप लई जानता. तिला कळू देऊ नगा. मी तुमच्या माथी जाऊ दिलं आन् तुमी गप घेतलं. आमच्याकडनं होकार समजा."

परतीच्या गाडीत नितीन एक शब्द बोलला नाही. प्रेमात माणूस असाच होतो, असं मामांनी शेजारच्या प्रवाशाला समजावलं.

नवी फ्लॉपी आणून देणं आपलं कर्तव्य आहे, असं मानून नितीन दुसऱ्या दिवशी नगरात कानिफनाथांच्या वाद्यांच्या दुकानात गेला. त्याने रंभाजींच्या बाजाचं वर्णन सांगितलं, पौर्णिमेच्या कार्यक्रमाचं सांगितलं, आणि फ्लॉपी श्रीरामपूरच्या पार्टीची होती, हेही सांगितलं. कानिफनाथ काउंटरवर कोपर टेकून हसू लागले.

"श्रीरामपूरवाल्यांना बाजा मीच विकलाय. तो वेगळ्या कंपनीचा. त्याची फ्लॉपी तुमच्या बाजात काय बी केलं तरी वाजायची न्हाई. भाषाच वेगळी हाय दोघांची."

"म्हणजे पुसली नसती तरी?"

"पुसा, धुवा, उन्हात वाळवा. नव्हतीच वाजणार." त्यांनी कपाटातून दुसरी फ्लॉपी काढली. "ही घ्या, ही तुमच्या बाजाची. ढोलकी अशी वाजंल की पौर्णिमेला मांडव हलंल."

नितीनच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. प्रज्ञा निर्दोष, आबा निर्दोष, तो स्वतःही निर्दोष. आनंदाने तो शेजारच्या एसटीडी बूथकडे धावला, गहिनीनाथांकडे फोन लावून दोघांनाही ही बातमी द्यायला. रिसीव्हर उचलला, आणि तिथेच थांबला. मुलगी त्याला हो म्हणाली होती, कारण तिचं पाप त्याने आपल्या डोक्यावर घेतलं होतं. बाप हो म्हणाला होता, कारण त्याचंही. पापच नाही म्हटल्यावर उरला कोण? बासरीच्या जागी हेलिकॉप्टर वाजवणारा एक स्टोअर क्लार्क.

त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला.

"काय झालं?" कानिफनाथांनी दुकानातून विचारलं. "लागत न्हाई का? मी ओळखतो रंभाजींना. उद्या त्या बाजूलाच चाललोय, भेटून सांगतो सगळं. म्हातारा उगाच जिवाला घोर लावून बसला असंल."

"सांगा की," नितीन घाईने म्हणाला. "जरूर सांगा. तेवढं लग्न होऊ द्या."