टोर्नेडोच्या सहलीतला हेर

आकाश वाचण्यात अख्ख्या कॅन्ससमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही, आणि माणसं वाचण्यात मी त्याहून तयार आहे. बावीस वर्षं मी लोकांना गाडीत भरून टोर्नेडोच्या मागे हिंडवतोय. ढगाचा तळ बघून सांगतो, हा फिरणार की नुसताच गरजणार. त्यामुळे मेरिट स्टॅम्बॉ हा माणूस मला पहिल्याच सकाळी खटकला.

टोर्नेडो बघायला आलेला माणूस आकाशाकडे बघतो, हा साधा नियम. मेरिट बघायचाच नाही. रोज सकाळी मोटेलच्या आवारात सगळ्यांना गोळा करून मी आज कोणत्या गावावर नेम धरायचा ते सांगतो. बाकीचे लोक वारा किती, गारा केवढ्या असलं काही विचारत. मेरिट विचारायचा, "गावाचं नाव पुन्हा सांगता? नक्की तिथंच ना?" मग ते वहीत उतरवून घ्यायचा आणि फोन घेऊन गाडीमागे जायचा. पाण्याची बाटली शोधायच्या निमित्तानं मी एकदा कान दिला. "बँक आहे, शाळाही आहे. पोचलो की कळवतो," असं तो दबक्या आवाजात सांगत होता.

आणि त्या आठवड्यात आम्ही ज्या गावात जाऊ, तिथं थोड्याच वेळात बक टॅनहिलच्या दोन पांढऱ्या गाड्या हजर! बकही माझ्यासारख्याच सहली काढतो, फक्त त्याला आकाशातलं ओ की ठो कळत नाही. पाणी कुठं मुरतंय ते मी ओळखलं.

"हा मेरिट बकचा हेर आहे," मी लायलला म्हणालो. लायल माझा मेहुणा, आणि आमचा ड्रायव्हर.

"दाजी, गेल्या वर्षी त्या डच जोडप्यालाही तुम्ही हेर म्हणाला होतात."

"ते सारखे कुजबुजत होते."

"नवराबायको होते ते. लग्न होऊन आठवडा झाला होता."

लायलच्या बहिणीनं माझ्याशी लग्न केलं, त्याचा राग तो असा काढतो.

एरवी मी सोडूनही दिलं असतं, पण यंदा ओपलबाई होत्या. ओहायोतल्या एका शाळेच्या निवृत्त ग्रंथपाल, वय एकोणऐंशी. पहिल्या वर्षी आल्या तेव्हा दहा दिवस कडक ऊन पडलं. दुसऱ्या वर्षी दहा दिवस रिपरिप. यंदा तिसरी खेप, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की पुढच्या वर्षी कितपत दिसेल याची खात्री नाही. मी त्यांना शब्द दिला होता, "टोर्नेडो दाखवल्याशिवाय घरी पाठवणार नाही." मंगळवारी ढगाची एक सोंड खाली उतरलीही, पण ऐन वेळी बकच्या गाड्यांनी कच्चा रस्ता अडवला, आणि बाईंना दिसलं ते बकच्या गाडीचं मागचं दार. "दार स्वच्छ होतं हो," बाई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटचा दिवस उजाडला. नकाशे बघितले. वादळ उत्तरेला हॅडलीवर उठणार, यात तिळमात्र शंका नव्हती. मी आवारात उभा राहून ठणकावून सांगितलं, "आज ब्रिंक्ली!"

ब्रिंक्ली हॅडलीच्या दक्षिणेला पस्तीस मैल. मेरिटनं लगेच लिहून घेतलं आणि गाडीमागे गेला. जा बाबा, कळव.

ब्रिंक्लीच्या खानावळीत सगळ्यांनी राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे गोड रोल मागवले. तेवढ्यात मी मेरिटला बाजूला घेतलं. "मेरिट, तुमच्यावर एक जबाबदारी टाकतो. आम्ही जरा पलीकडचं आकाश बघून येतो. तुम्ही इथं थांबून नैऋत्येवर लक्ष ठेवा. अर्ध्या तासात येतोच."

तो पांढराफटक पडला. "एकट्यानं?"

चोराच्या मनात चांदणं! मी खूश झालो. पण ओपलबाईंनी ऐकलं. "एकटा कशाला? मी आहे की. माझा रोल अजून गरम आहे."

"बाई, तुम्ही चला ना."

"कशाला? वादळ इथंच येणार म्हणालात ना सकाळी?"

हेरासमोर खरं कसं सांगू? वादळ उठायला अजून वेळ आहे, बाकीच्यांना हॅडलीला सोडून तासा-दीड तासात परत येऊन बाईंना उचलू, असा हिशोब करून मी निघालो.

हॅडलीला पोचलो. आकाश निळंशार. मागोमाग बकच्या दोन्ही गाड्या येऊन उभ्या राहिल्या.

"तू इथं कसा?" मी ओरडलो. "तुला तर ब्रिंक्लीची बातमी मिळाली होती!"

"कुणाकडून?" बक म्हणाला. "मी तुझा ठिपका बघत येतो. सगळेच येतात."

वादळामागे जाणाऱ्या आम्हा लोकांची गाडी कुठं आहे ते एका नकाशावर ठिपक्यानं दिसतं. अडचणीत कोणी सापडलं तर शोधता यावं म्हणून. हा ठिपका मीच चालू केला होता. सुरक्षेवर मी दर वर्षी व्याख्यानही देतो.

"दाजी," लायल म्हणाला, "मागे बघा."

दक्षिणेचं आकाश काळंकुट्ट झालं होतं, आणि बरोब्बर ब्रिंक्लीच्या डोक्यावर ढगाची भिंत गरागरा फिरत होती. आपली दोन माणसं तिथं, आणि त्यांना तिथं बसवून आलेला मी. बावीस वर्षांत मी टोर्नेडोला कधी घाबरलो नव्हतो. त्या पस्तीस मैलांत सगळी थकबाकी फिटली. लायल गाडी पळवत होता, गारा टपावर दणादणा आदळत होत्या, आणि मेरिटचा फोन सारखा गुंतलेला.

ब्रिंक्लीत शिरलो तेव्हा खानावळीची पाटी रस्त्यात पडली होती. टोर्नेडो गावाबाहेरच्या गव्हाच्या शेतातून निघून गेला होता. कोणाला खरचटलंही नव्हतं. समोरच्या बँकेच्या तळघराच्या पायऱ्यांवर ओपलबाई बसल्या होत्या, मांडीवर रोलची बशी.

"अकरा मिनिटं!" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. जवळ यायला लागला की यांनी मला आत ओढायचं, लांब गेला की मी पुन्हा दारात. यांच्या वहीत प्रत्येक गावातली लपायची जागा लिहिलेली आहे."

मेरिट भिंतीला टेकून उभा होता. आता त्यानं सगळं सांगून टाकलं. त्याला वादळाची लहानपणापासून धास्ती. ही सहल बायकोनं पन्नासाव्या वाढदिवसाला भेट दिलेली, नाही म्हणायची छाती झाली नाही. ती बिचारी घरी बसून प्रत्येक गावातली तळघरं शोधायची आणि फोनवर सांगायची. मला जमिनीत शिरावंसं वाटलं, पण जवळचं तळघर त्याच्याच ताब्यात होतं.

ओपलबाईंनी माझा हात धरला. "आता कळलं मला. त्या बकला चकवून तुम्ही सगळ्यांना लांब नेलंत, आणि मला मुद्दाम इथं बसवलंत. सगळ्यात चांगली जागा मला दिलीत. हो ना?"

मी लायलकडे बघितलं. लायल आकाशाकडे बघू लागला.

"दिलेला शब्द पाळायचा म्हणजे," मी घसा साफ करत म्हणालो, "थोडं आधीपासून ठरवावं लागतं."

बाईंनी माझ्या गालावर थोपटलं. मेरिट मात्र डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता. दहा दिवस मी त्याच्याकडे बघितलं होतं, अगदी तसंच.

"टोर्नेडो इथं येणार हे तुम्हाला ठाऊक होतं," तो सावकाश म्हणाला, "मग तुम्ही का नाही थांबलात?"